यादीत कोण, यादीबाहेर कोण

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी करते, एवढंच. आमच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, विभागाच्या अगदी टोकाला एक खोली आहे. तिथे संख्याशास्त्र राहतं, म्हणजे मी बसते. एरवी त्या बाजूला कुणी फिरकत नाही. पण थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की एम.डी., एम.एस.ची मुलंमुली दाराशी दिसू लागतात. हातात पेनड्राइव्ह, त्यात ‘मास्टर चार्ट’ नावाची एक्सेल फाइल, डोळ्यांत रात्रपाळी. ‘‘मॅडम, तेवढं रिग्रेशन लावून द्या ना. कुठली व्हेरिएबल्स घ्यायची ते सॉफ्टवेअर सांगतंच ना?’’

सांगतं. विचारलं की काहीतरी सांगायचंच, हा त्याचा स्वभाव आहे. त्या ‘काहीतरी’विषयी इतक्या वर्षांत जे मनात साठलं ते इथे उतरवते आहे. क्रमांक घातलेत ते निव्वळ सवयीने. मला आकडे घातल्याशिवाय भाजीची यादीसुद्धा करता येत नाही.

१. व्हेरिएबल्सची, म्हणजे उत्तराचा अंदाज बांधायला रिग्रेशनमध्ये घ्यायच्या रकान्यांची, निवड बटण दाबण्याच्या फार आधी होऊन गेलेली असते. शिकवताना मी ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमधला ‘बर्थडब्ल्यूटी’ हा डेटा वापरते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी बेस्टेट मेडिकल सेंटरमध्ये १९८६ साली नोंदलेली १८९ बाळंतपणं. त्यातली ५९ बाळं अडीच किलोच्या आतली. आईचं वय, गरोदरपणाआधीचं वजन, वंश, सिगरेट, आधीची अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, रक्तदाब, गर्भाशयाची चिडचिड, पहिल्या तिमाहीत डॉक्टरकडे किती वेळा गेली, असे रकाने. संपली यादी. आता यात आईचं हिमोग्लोबिन नाही. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या कार्डावर ते असतंच असतं, आणि इथे त्याचा पत्ता नाही. या डेटावर तुम्ही जगातली सर्वात अद्ययावत निवडपद्धत चालवा, ती एकदाही मान वर करून विचारणार नाही, की अहो, हिमोग्लोबिन कुठंय? ती समोरच्या रकान्यांतून निवडते. रकाने कोणी निवडले? ज्याने फॉर्म छापला त्याने. आणि त्याने ते बहुतेक वेळा रजिस्टरमध्ये जे आयतं मिळत होतं त्यावरून निवडले. मला हे कळायला हवं होतं तेव्हा मी निवडपद्धतींची तुलना करणारे तक्ते पाठ करत होते.

२. फॉर्म कुठे भरला जातो हे माहीत नसेल तर संख्याशास्त्र कामाचं नाही. वरच्या अमेरिकन डेटात १८९ पैकी ७४ बायका सिगरेट ओढणाऱ्या, त्यामुळे तो रकाना तिथे चांगलाच बोलतो. आमच्याकडच्या एका मुलीने कमी वजनाच्या बाळांवर थिसिस घेतला आणि परदेशी प्रबंधांतून प्रोफॉर्मा उचलला. ‘धूम्रपान: हो / नाही’. सगळ्या ओळींत ‘नाही’. जो रकाना हलतच नाही त्याला ‘आर’ उत्तराच्या जागी ‘एनए’ छापून मोकळं होतं. मुलगी वाक्य लिहायच्या तयारीत, की आमच्या भागात तंबाखूचा प्रश्न नाही. वॉर्डातल्या आयाबाई खुर्च्या पुसत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, बाया बिड्या कशाला ओढतील? मिश्री विचारा.’’

मग आणखी एक गंमत. मिश्री लावणारी बाई ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नालाही नाहीच म्हणते. तिच्या लेखी ते व्यसन नाही, दात घासणं आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची, सकाळी बोटाने हिरड्यांना लावायची. अनेकींचं दुपारी एकदा आणि रात्री एकदा. तेव्हा विचारायचं ते असं: ‘दात कशाने घासता, आणि दिवसातून किती वेळा?’ हा प्रश्न मला कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदतपानावर सापडला नसता. पुस्तकातही नाही. आयाबाईंचं नाव थिसिसच्या आभारांत घाला असं मी सुचवलं. घातलं की नाही माहीत नाही. आभारांच्या पानाशी माझा संबंध येत नाही.

३. मॉडेल फारच हुशार निघालं तर आधी घाबरावं. त्याच डेटात ‘बाळाचं वजन अडीच किलोपेक्षा कमी का’ हा हो-नाहीचा रकाना आहे, आणि शेजारी बाळाचं प्रत्यक्ष वजनही ग्रॅममध्ये आहे. ‘सगळे रकाने घ्या’ असं सांगून लॉजिस्टिक रिग्रेशन लावलं की वजनही गुपचूप आत शिरतं. म्हणजे उत्तरच प्रश्नपत्रिकेत छापलं. मॉडेल एकही बाळ चुकवत नाही, वर्गात आनंदीआनंद. सॉफ्टवेअर तांबड्या अक्षरांत कुरकुरतं, की गणित स्थिरावलं नाही, संभाव्यता शून्यावर नाहीतर एकवर जाऊन चिकटल्या आहेत. ते कोण वाचतो?

पण मला थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. अशा वेळी त्या वजनाच्या रकान्याची स्टँडर्ड एरर इतकी फुगते, की त्याची पी-व्हॅल्यू (ही जितकी लहान तितका रकाना ‘लक्षणीय’ मानतात) जवळपास एक येते. म्हणजे जो रकाना एकटा सगळं उत्तर ठरवतो, तोच तक्त्यात सर्वात निरुपयोगी दिसतो. फक्त पी-व्हॅल्यू बघून छाटणी करणारा माणूस नेमका त्यालाच हाकलेल. असे उघड चोर तसे लवकर पकडले जातात. त्रास देतात ते सभ्य दिसणारे. मृत्यूचा अंदाज बांधायचा आणि यादीत ‘व्हेंटिलेटर लावला का’ ठेवायचं, किंवा ‘एकूण किती दिवस दाखल’ ठेवायचं. दाखल झालेल्या दिवशी ही माहिती कुणाकडे असते? हा एक प्रश्न विचारला की अर्धी यादी आपोआप गळते.

४. एका व्हेरिएबलचा प्रभाव असा काही सुटा पडलेला नसतो. हे सांगायला मला वैद्यकातलं उदाहरण सापडत नाही, म्हणून मी मोटारींकडे वळते. ‘आर’ उघडलं की ‘एमटीकार्स’ नावाचा डेटा आयता हजर असतो: १९७४ च्या ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकन मासिकातल्या ३२ गाड्या, एका गॅलनला किती मैल जातात ते, आणि सोबत आणखी दहा रकाने. सिलिंडर, इंजिनाचा आकार, अश्वशक्ती, वजन, पाव मैलाला लागणारे सेकंद, गिअर हाताने टाकायचे की आपोआप पडतात, वगैरे.

आता फक्त गिअर बघा. हाताने गिअर टाकायच्या गाड्या गॅलनमागे सरासरी ७.२ मैल जास्त जातात. पी-व्हॅल्यू इतकी छोटी की तीन तारे. मुलं लगेच वहीत लिहितात. मग मी वजनाचा रकाना आत घेते. ७.२ चे होतात शून्य. अगदी बारकाईने पाहिलं तर उणे ०.०२. पी-व्हॅल्यू ०.९९. कारण साधं आहे: त्या मासिकातल्या आपोआप गिअरच्या गाड्या सरासरी सतराशे किलोच्या आणि हाताच्या गिअरच्या अकराशेच्या. फरक गिअरचा नव्हताच, वजनाचा होता. मुलं आधीचं खोडतात. मग मी पाव मैलाचे सेकंदही घेते. गिअरचा आकडा पुन्हा वर येतो, २.९ मैल, पी-व्हॅल्यू ०.०४७. उंबरठ्याच्या जेमतेम आत. आता मुलं खोडतही नाहीत, लिहितही नाहीत. माझ्याकडे बघतात.

खरं उत्तर कुठलं? तिन्ही. प्रश्नच तीन वेगळे होते. पहिल्यात विचारलं, की या दोन जातीच्या गाड्यांत फरक किती. दुसऱ्यात, वजन सारखं असलं तर किती. तिसऱ्यात, वजन आणि चपळाई दोन्ही सारखी असली तर किती. यादीत एक नाव घातलं की बाकीच्या प्रत्येकाला विचारलेला प्रश्न बदलतो.

याच गाड्यांवर दहाच्या दहा रकाने एकदम लावले तर तक्त्यात एकाही रकान्यासमोर ०.०५ च्या खालचा आकडा नाही. एकही तारा नाही. आणि खाली आर-स्क्वेअर ०.८७! म्हणजे मायलेजमधल्या चढउताराचा बहुतेक सगळा हिशेब लागलाय, आणि तो कुणामुळे लागला हे कुणीच सांगू शकत नाही. लग्नघरात आठ बायकांनी मिळून आमटी केली, आमटी फक्कड झाली. आता मीठ नेमकं कुणाच्या हातचं ते विचारून बघा. इंजिनाचा आकार, सिलिंडर, वजन, अश्वशक्ती हे सगळे एकाच गोष्टीचे साक्षीदार आहेत. इंजिनाच्या आकाराचा व्हीआयएफ, म्हणजे तो बाकीच्या रकान्यांत किती गुंतलाय त्याचं माप, २१ च्या वर जातो. ‘आर’मधल्या ‘स्टेप’ या आपोआप निवड करणाऱ्या आज्ञेला हे दिलं की ते सात रकाने उडवून तीन ठेवतं: वजन, सेकंद, गिअर. आर-स्क्वेअर ०.८७ वरून ०.८५, म्हणजे गमावलं जवळपास काहीच नाही. मग सिलिंडरचा आणि अश्वशक्तीचा मायलेजशी संबंध नाही का? कुठल्याही गॅरेजमधल्या मुलाला विचारा, तो हसेल. थिसिसमध्ये मात्र हे वाक्य मी दरवर्षी वाचते: ‘अमुक घटक मॉडेलमध्ये आला नाही, सबब त्याचा परिणाम होत नाही.’

५. ‘सॉफ्टवेअरने निवडलं’ याचा अर्थ, कुणातरी प्रोग्रॅमरच्या ठरवलेल्या आकड्याने निवडलं. एसपीएसएसमध्ये स्टेपवाइजला, म्हणजे पी-व्हॅल्यू बघून एकेक रकाना आत-बाहेर करणाऱ्या निवडीला, काही न सांगता सोडलं तर आत यायला ०.०५ आणि बाहेर काढायला ०.१०. सॅसच्या ‘प्रॉक रेग’मध्ये तीच स्टेपवाइज, पण दोन्हीकडे ०.१५. ‘आर’चं ‘स्टेप’ पी-व्हॅल्यू बघतच नाही, ते जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु अकाइके यांचा निकष बघतं. एका रकान्यापुरता तो पी-व्हॅल्यूत मोजला तर उंबरठा साधारण ०.१६ चा होतो. श्वार्झ यांचा १९७८ चा निकष लावा, १८९ ओळींसाठी तोच उंबरठा ०.०२ च्या आसपास येतो. डेटा तोच, मुलगी तीच, थिसिस तोच. कॉलेजकडे कुठल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे यावर ‘स्वतंत्र जोखीमघटक’ ठरतात. हे मी एकदा स्टाफ मीटिंगमध्ये म्हटलं. चहा आला.

आणि ही रीत आली कुठून? एफ्रॉयम्सन यांनी १९६० साली ती संगणकासाठी मांडली तेव्हा यंत्राचं प्रत्येक मिनिट महाग होतं. तीस रकान्यांतून होऊ शकणाऱ्या याद्या १०७ कोटींच्या वर जातात. त्या सगळ्या तपासायच्या नाहीत, एक-एक पायरी चढत-उतरत थोड्याच बघायच्या, ही काटकसर होती. काटकसरीला दोष नाही. पण ती सत्य शोधायची पद्धत म्हणून कधी मिरवू लागली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

६. माणसाला अर्थ लावल्याशिवाय राहवत नाही. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८३ साली एक खोडकर प्रयोग छापला होता. शंभर ओळी, पन्नास रकाने, सगळे निव्वळ यादृच्छिक आकडे. उत्तराच्या रकान्याशी कुणाचाही काही संबंध नाही. सगळे रकाने लावायचे, त्यातले बरे दिसणारे ठेवायचे, बाकी काढायचे, आणि उरलेल्यांवर पुन्हा रिग्रेशन. दुसऱ्या फेरीत मॉडेल दणदणीत लक्षणीय! पहिल्या फेरीत चाळणी लावली होती हे दुसऱ्या फेरीच्या पी-व्हॅल्यूला ठाऊकच नसतं. ती बिचारी असं धरून चालते, की ही यादी तुम्ही डेटा न बघता आणलीत.

मी हाच खेळ वर्गात करते, पण थोडा दुष्टपणा मिसळून. यादृच्छिक रकान्यांना ‘सीरम झिंक’, ‘व्हिटॅमिन डी’, ‘झोपेचे तास’ अशी नावं देते आणि उत्तराच्या रकान्याला ‘जखम भरायला लागलेले दिवस’. स्टेपवाइज चालवायची, जी येतील ती फळ्यावर लिहायची, आणि ‘डिस्कशन’चा एक परिच्छेद लिहायला सांगायचा. परिच्छेद उत्तम येतात. झिंक आणि कोलॅजेन, ड जीवनसत्त्व आणि प्रतिकारशक्ती, सगळं शास्त्रशुद्ध. एका मुलाने तर झोपेचा सहगुणक उलट्या दिशेने आला तरी हार मानली नाही. दुखण्यामुळे जास्त झोपणारे रुग्ण मुळात जास्त आजारी असणार, असं सुबक स्पष्टीकरण दिलं. नंतर मी सांगितलं, की हे आकडे मी चहा पिताना संगणकाकडून पाडून घेतले. वर्ग हसला, तो मुलगाही हसला. पण मला त्या परिच्छेदाचा धाक बसला तो बसलाच. कारण तो खरोखर चांगला होता. खऱ्या डेटावर असाच परिच्छेद आला तर तो मला ओळखता येईल, याची खात्री मी कुणाच्या भरवशावर देऊ?

७. काही व्हेरिएबल्स आत घेतल्यानेच उत्तर बिघडतं, हे पचायला मला सर्वात वेळ लागला. आम्ही शिकलो ते असं, की जितकं ‘ॲडजस्ट’ कराल तितकं चांगलं. मग याकोब येरुशालमी यांचं काम वाचनात आलं. कॅलिफोर्नियातल्या बाळंतपणांच्या नोंदींवरून १९७१ साली त्यांनी दाखवलं, की कमी वजनाच्या बाळांपुरतं पाहिलं तर सिगरेट ओढणाऱ्या आयांची बाळं कमी दगावतात. म्हणजे सिगरेट हितकारक? यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला.

उलगडा असा: सिगरेटमुळे वजन कमी होतं, आणि वजन इतर कारणांनीही कमी होतं, उदाहरणार्थ जन्मजात व्यंग. अडीच किलोच्या आतलीच बाळं घेतली की ज्यांच्या आया सिगरेट ओढत नाहीत त्या बाळांचं वजन कमी असायला दुसरं काहीतरी कारण असणार, आणि ते कारण बहुधा सिगरेटपेक्षा घातक. तुलनाच वाकडी झाली. २००६ साली हर्नांडेझ-दियाझ, शिस्टरमन आणि हर्नान यांनी बाणांच्या आकृत्या काढून हे मांडलं. वजन हे सिगरेट आणि मृत्यू यांच्या वाटेवरचं स्थानक आहे. त्याला ‘ॲडजस्ट’ करण्याची घाई करू नये.

यात मला खाली मान घालायला लावणारी गोष्ट अशी, की कुठला रकाना मुळाशी आहे, कुठला वाटेवर आहे आणि कुठला परिणाम आहे, हे डेटात कुठेही लिहिलेलं नसतं. तिघांची पी-व्हॅल्यू सारखीच झगझगीत असू शकते. बाण काढायला स्त्रीरोगतज्ज्ञ लागते. म्हणून आता रेसिडेंट आले की मी लॅपटॉप मिटते आणि कोरा कागद पुढे करते. ‘बाण काढ.’ पहिल्यांदा चिडतात. रिग्रेशनला आले होते, चित्रकला काय काढायला लावता?

८. आकड्यांच्या वेशातले शब्द. वंश किंवा धर्म किंवा रक्तगट १, २, ३ असा लिहिला की सॉफ्टवेअर बिनदिक्कत सरासरी काढतं. ‘माहीत नाही’साठी ९९ लिहिलं की वयाच्या रकान्यात नव्व्याण्णव वर्षांच्या गरोदर बायका अवतरतात. तीन गटांचे दोन डमी (हो-नाहीचे) रकाने केले आणि स्टेपवाइजने त्यातला एकच ठेवला, तर दुसरा गट मुकाट्याने तुलनेच्या गटात मिसळतो, आणि मग आपण कुणाची कुणाशी तुलना करतोय ते आपल्यालाच सांगता येत नाही. गाळलेल्या जागांचं तर विचारूच नका. रकाना बदलला की कुठल्या ओळी मोजल्या जातात तेही बदलतं. ‘आर’ तिथे थांबतं आणि विचारतं, की ओळींची संख्या बदलली, गाळलेल्या जागा काढायच्या का? सॉफ्टवेअरने प्रश्नचिन्ह वापरल्याचं हे माझ्या पाहण्यातलं दुर्मीळ उदाहरण.

९. सगळ्यांनी परीक्षा देऊनच आत यावं असं नाही. वय, आधीच्या बाळंतपणांचा इतिहास, आजाराची पायरी, अशा काही गोष्टींची आत बसायची लायकी याआधीच्या शंभर वर्षांच्या वैद्यकाने ठरवलेली असते. माझ्यासमोरच्या लहानशा डेटात वयाची पी-व्हॅल्यू ०.३ आली म्हणून वयाला घराबाहेर काढणारी मी कोण? ती नावं मी डेटा उघडायच्या आधी लिहून घेते आणि शेवटपर्यंत हलवत नाही.

उरलेल्या जागा मात्र मोजक्या. हो-नाहीच्या उत्तरात ज्या बाजूची संख्या कमी, त्या बाजूच्या दर दहा घटनांमागे एक रकाना, हा ठोकताळा पेडुझी आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या कामातून रूढ झाला. नंतरच्यांनी तो फारच ढोबळ असल्याचं दाखवलं, ते खरंच आहे. पण स्प्रिंगफील्डच्या १८९ बाळंतपणांत ५९ बाळं कमी वजनाची, म्हणजे पाच-सहा रकान्यांची ऐपत, एवढा अदमास त्याने येतो. गटांचे दोन-दोन डमी धरले तर तेवढीही नाही. माझ्याकडे येणाऱ्या मास्टर चार्टांत घटना थोड्या आणि रकाने दोन पडद्यांवर पसरलेले. ही बातमी सांगताना मी आवाज फार मृदू ठेवते, तरी गाइडपर्यंत ती ‘मॅडम नाही म्हणाल्या’ अशीच पोचते.

१०. नवं आलं की जुनं दुखणं जातंच असं नाही. रॉबर्ट टिबशिरानी यांची १९९६ ची ‘लासो’ आली तेव्हा वाटलं, सुटलो. सहगुणकांना आखडतं घ्यायचं, कमकुवत असतील त्यांना थेट शून्यावर आणायचं. पायऱ्यांची चढउतार नको. स्टेपवाइजपेक्षा ती सभ्य आहे, अंदाज बांधायला तर मी तीच वापरते. पण एकमेकांत गुंतलेले दोन रकाने असले की ती बहुधा एक उचलते आणि दुसरा टाकते, आणि कुठला उचलेल हे थोडक्यावर हलतं. शिवाय किती आखडायचं ते ठरवताना डेटाचे दहा वाटे यादृच्छिक पाडले जातात. बीज ठरवून दिलं नाही तर जेवणाआधीची यादी आणि जेवणानंतरची यादी वेगळी येऊ शकते. म्हणून सगळे जण बीज म्हणून १२३ नाहीतर ४२ टाकतात आणि यादी ‘स्थिर’ झाल्याचं समाधान मानतात. मीही १२३ वाली.

याहून खोल घाव घातला तो ऑस्टिन आणि टू यांच्या २००४ च्या अभ्यासाने. ओंटारिओतल्या हृदयविकाराच्या हजारो रुग्णांचा डेटा, मृत्यूचा अंदाज बांधायचा. त्यांनी त्याच डेटातून बूटस्ट्रॅपने, म्हणजे त्याच ओळी चिठ्ठ्यांसारख्या पुन्हा-पुन्हा उचलून, हजार नमुने काढले आणि प्रत्येकावर एक-एक रकाना वगळत जाणारी निवड चालवली. हजारांतून ९४० निरनिराळी मॉडेलं निघाली. प्रत्येक नमुन्यात निवडले गेले असे रकाने फक्त तीन. आमच्याकडे शंभर-सव्वाशे रुग्ण असतात, आणि मी त्यावरून निघालेल्या यादीला ‘अंतिम मॉडेल’ असं शीर्षक देत आले आहे. आता तो शब्द टाइप करताना बोटं अडखळतात. ‘निवडलेलं’ म्हणते. गाइडना ते पचत नाही, ‘फायनल’ कुठाय म्हणून पेन्सिलीने विचारतात.

११. कारण विचारलं की यादी स्वतःच आवरती होते. हल्ली मी सिनॉप्सिसच्या वेळीच एक जादा शीट करायला सांगते. डावीकडे रकान्याचं नाव, उजवीकडे एका वाक्यात तो का हवा आणि उत्तराचं पुढे काय करणार. कारण शोधायचंय की अंदाज बांधायचाय, हे तिथेच उघडं पडतं. उपकेंद्रावरच्या आशाताईंनी जोखमीची गरोदर बाई ओळखावी म्हणून मॉडेल हवं असेल, तर त्यांच्या हाताशी वजनकाटा, बीपी मशीन आणि कार्ड आहे. डॉप्लरचा रकाना कितीही तारे मिळवो, तिथे तो नसतोच. आणि मिश्रीचा बाळाच्या मृत्यूवर परिणाम किती हे शोधायचं असेल, तर अंदाजाला मदत करणारं पण वाटेवर बसलेलं बाळाचं वजन बाहेर ठेवावं लागतं. एकाच डेटावरच्या या दोन याद्या वेगळ्या येतात, आणि त्या वेगळ्याच यायला हव्यात.

या शीटमधली वाक्यं हा माझा खासगी विरंगुळा आहे. ‘वय: सगळ्यांच्या थिसिसमध्ये असतं म्हणून.’ ‘उंची: आमच्या वॉर्डात मोजपट्टी भिंतीलाच आहे म्हणून.’ ‘नवऱ्याचं शिक्षण: सुचलं म्हणून.’ आणि जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये एखाद्या महागड्या तपासणीसमोर, ‘गाइड म्हणाले म्हणून.’ ते वाक्य मी खोडायला सांगत नाही. मात्र त्या गाइडना फोन करून ‘सर, तो रकाना कशासाठी हवाय?’ हे कुणीतरी विचारावं लागतं, आणि मुलांचे गुण त्यांच्याच हातात असल्यामुळे तो फोन मलाच करावा लागतो.